यादींतील पुनरुक्ति

पालीच्या बल्लाळेश्वरासह अष्टविनायकांचीं आठ क्षेत्रें तक्त्यांत मांडून प्रत्येकापुढें जिल्हा लिहिला, तर पुणें पांच वेळां, रायगड दोन वेळां आणि अहिल्यानगर एकदां येतें. यात्रेस निघालेल्या कुटुंबाला मात्र एवढेंच हवें असतें कीं, एकंदर जिल्हे कोणते? पुनरुक्ति काढून तीन नांवें वर्णानुक्रमानें लावण्याचें हें काम पूर्वीं कारकून हातानें करी. आतां तें संगणक करतो.

त्याला आज्ञा देण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत ठेवण्याची कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० मध्यें मांडली. तिच्या आधारें आय.बी.एम.मधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ मध्यें या भाषेचें पहिलें रूप प्रसिद्ध केलें. आज्ञा अशी: ‘सिलेक्ट डिस्टिंक्ट जिल्हा फ्रॉम क्षेत्रें ऑर्डर बाय जिल्हा’. सिलेक्ट म्हणजे निवड. डिस्टिंक्ट म्हणजे सारखें असेल तें एकदांच. फ्रॉम म्हणजे अमुक तक्त्यांतून. ऑर्डर बाय म्हणजे अनुक्रम. उत्तर येतें: अहिल्यानगर, पुणें, रायगड. शेवटचा भाग गाळला तर नांवें कोणत्याहि क्रमानें येतील. कधीं तीं ओळीनें लागलेलीं दिसलीं, तरी त्याची हमी नाहीं.

परंतु श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन नोंदी सारख्या कीं निराळ्या, हें यंत्र अक्षरांवरून ठरवितें, वस्तूवरून नव्हे. वरदविनायकाचें महड खालापूर तालुक्यांत आहे. चवदार तळ्याचें महाड निराळें. देवनागरींत एका कान्यानें दोन्ही ओळखूं येतात. रोमन लिपींत मात्र दोन्ही नांवें बहुधा एकाच रीतीनें लिहिलीं जातात. अशा यादीवर डिस्टिंक्ट चालविलें कीं एक गांव मुकाट्यानें नाहींसें होतें. दोन्ही रायगड जिल्ह्यांतच असल्यामुळें जिल्हा जोडूनहि भागत नाहीं. ‘सिलेक्ट डिस्टिंक्ट तालुका, गांव’ असें म्हटलें, म्हणजे तालुका व गांव यांची जोडी पाहिली जाते आणि दोन्ही गांवें यादींत राहतात. महाडास जुलै २०२१ मध्यें महापूर आला होता. तशा वेळीं मदतीच्या यादींतून गांव गळणें ही क्षुल्लक चूक नव्हे.

उलट प्रकारहि घडतो. १९८१ मध्यें कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. जुन्या व नव्या नोंदी एकत्र केल्या, तर यंत्र एकाच जिल्ह्याचे दोन मोजील. म्हणून आधीं नांवें एकसारखीं करून घ्यावीं, ओळख पटविण्यास कोणते रकाने लागतात तें ठरवावें, आणि मगच आज्ञा द्यावी. पुनरुक्ति काढणें यंत्राकडे सोंपवितां येतें; पुनरुक्ति कशास म्हणावें, हें यादी करणाऱ्यानेंच ठरवावें लागतें.