सारीपाटाची मर्यादा

छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें तीस किलोमीटरांवर वेरूळचीं लेणीं आहेत. त्यांपैकीं क्रमांक १४, २१ व २९ ह्या लेण्यांत शिवपार्वती फांसे खेळत असल्याचीं शिल्पें आढळतात. ज्या भिंतींवर शिवतांडव आणि कैलास हलविणारा रावण कोरला, त्याच भिंतींवर एका खेळालाही स्थान मिळावें, हें प्रथमदर्शनीं नवलाचें वाटतें. तथापि खेळाचें मर्म येथेंच सांपडतें.

श्रीधरकवींनीं १७१८ सालीं रचलेल्या 'शिवलीलामृता'च्या चौदाव्या अध्यायांत ह्या सारीपाटाची कथा आहे. शंकर सर्वस्व हरतात व वनांत निघून जातात. तेव्हां पार्वती भिल्लिणीचें रूप घेऊन त्यांच्या मागोमाग जाते आणि त्यांना परत आणते. कथा विनोदी खरी. परंतु पटावर बसतांच त्रैलोक्याच्या स्वामीलाही पडलेलें दान मान्य करावें लागतें, हा तिचा गाभा होय. नियमापुढें लहानथोर हा भेद उरत नाहीं. डच इतिहासकार योहान हॉइझिंगा ह्यांनीं १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स' ह्या ग्रंथांत असेंच प्रतिपादिलें, कीं स्वेच्छेनें पत्करलेले नियम व आंखून घेतलेली स्थलकालाची मर्यादा ह्यांवर खेळ उभा असतो, आणि संस्कृतीही ह्याच वृत्तींतून आकार घेते.

ही मर्यादा मोडली म्हणजे काय घडतें, हेंही आपल्या पूर्वजांना पुरतें ठाऊक होतें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त म्हणजे फांशांपायीं घरदार गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. कौरवसभेंत तर द्रौपदीच पणाला लागली. सर्वस्व कैलासावरही हरलें गेलें. पण तेथें हरलेल्याला परत आणावयास जिंकणारी स्वतः निघाली. हस्तिनापुरांत जिंकणारे हरलेल्यांची विटंबना करावयास उठले. फांसे तेच, भेद आहे तो जिंकणाऱ्याच्या मनांत. प्रतिपक्षी हा उद्यांचाही सोबती आहे, ही जाणीव सुटली कीं खेळ संपतो आणि द्यूत सुरू होतें.

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा भारताच्या संसदेनें २०२५ सालीं केला, त्याच्या मुळाशीं हीच जुनी चिंता आहे. परंतु घरांतील विवेक कायद्यानें निर्माण होत नाहीं. तो बैठकीच्या खोलींत, पत्त्यांच्या वा सोंगट्यांच्या डावांतच अंगीं बाणतो. हरलेल्या धाकट्यानें पट उधळून न देणें, आणि जिंकलेल्या थोरल्यानें त्याला पुन्हां डावाला बोलावणें, एवढें साधलें म्हणजे त्या घरानें खेळापासून घ्यावयाचें तें घेतलें.