जुन्या स्पोर्ट्‌स कारसाठी स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बरची निवड : माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने एमएक्स-५ मियाटा ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार प्रथम जगापुढे ठेवली. साठच्या दशकातील ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचा हलकेपणा आणि जपानी कारखान्यातील विश्वासार्हता यांचा मेळ तिच्यात घातला होता. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत तयार होत होती आणि त्या अवधीत चार लाखांहून अधिक गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. अमेरिका, युरोप व जपान येथे त्यांपैकी पुष्कळ गाड्या अजूनही चालतात.

अशा गाडीच्या मालकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मूळचे शॉक ॲब्सॉर्बर निकामी झालेले असतात, स्प्रिंगा खचलेल्या असतात; त्यांच्या जागी काय बसवावे? बाजारात शर्यतीच्या गाड्यांची नक्कल करणारे संच भरपूर मिळतात आणि ‘गाडी जेवढी खाली व जेवढी ताठ, तेवढी ती रस्त्याला धरून चालते’ असा समज सर्वत्र रूढ आहे. गुळगुळीत शर्यतमार्गावर या समजात तथ्य आहे. खाचखळगे, सांधे व पाऊस असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर मात्र तो बऱ्याचदा खोटा ठरतो, आणि कधी कधी धोकादायकही. प्रस्तुत लेखात या निवडीमागील भौतिकी स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. स्प्रिंगेच्या ताठरतेआधी चाकाच्या चालीचा, म्हणजे चाक वर येण्यास उपलब्ध असलेल्या अंतराचा, हिशेब मांडला पाहिजे, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

नावातील घोटाळा

‘शॉक ॲब्सॉर्बर’ हे नाव मुळातच दिशाभूल करणारे आहे. रस्त्याचा धक्का प्रत्यक्षात शोषते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते व ऊर्जा साठवते. ती ऊर्जा परत मोकळी होताना गाडी डोलत राहू नये म्हणून शॉक ॲब्सॉर्बर तिचे उष्णतेत रूपांतर करतो. त्याच्या आतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल अरुंद झडपांतून जाते आणि त्या विरोधामुळे आंदोलने विरून जातात. ब्रिटिश इंग्रजीत यालाच ‘डॅम्पर’ म्हणतात. ते नाव अधिक अचूक आहे. मराठी परिभाषेत ‘अवमंदक’ म्हणता येईल, पण गॅरेजमध्ये तो शब्द कोणी ओळखणार नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. जुनी गाडी खड्ड्यात आपटू लागली की शॉक बदलले जातात आणि तरीही आपटणे थांबत नाही, असा अनुभव वारंवार येतो. खचलेल्या स्प्रिंगेमुळे चालच उरलेली नसेल, तर उत्तम शॉकही फारसे काही करू शकत नाही.

स्प्रिंगेविषयी आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. जुनी स्प्रिंग ‘मऊ’ होते असे म्हटले जाते. वेटोळ्या स्प्रिंगेची ताठरता तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात असते, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. यांखेरीज पोलादाचा एक स्थिरांक असतो. यांपैकी काहीही वयोमानाने फारसे बदलत नाही. गंज खोलवर गेला नसेल तर ताठरता टिकते, कमी होते ती उंची. याच सूत्रावरून स्प्रिंग कापून गाडी खाली आणण्याच्या स्वस्त उपायाचे स्वरूपही कळते. वेटोळी कमी झाल्याने स्प्रिंग ताठर होते खरी, परंतु कापलेले टोक आसनावर नीट बसत नाही आणि गाडी उचलली असता स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

ताठरता : चाकापाशी मोजावयाची

एमएक्स-५ च्या चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन आहे. स्प्रिंग व शॉक एकाच अक्षावर असून ते खालच्या भुजेवर, चाकापासून काहीसे आत टेकतात. त्यामुळे चाक जेवढे वर जाते तेवढी स्प्रिंग दबत नाही. हे गुणोत्तर पुढील बाजूस ढोबळमानाने ०.७ धरले, तर चाकापाशी जाणवणारी ताठरता ०.७ च्या वर्गाएवढी, म्हणजे स्प्रिंगेच्या ताठरतेच्या सुमारे निम्मी भरते. जाहिरातीतील आकडा आणि प्रत्यक्ष अनुभव यांत अंतर पडते ते यामुळे. दुसऱ्या बनावटीच्या गाडीसाठी योग्य ठरलेला आकडा या गाडीला लावणे म्हणूनच निरर्थक होय.

तुलनेसाठी नैसर्गिक कंप्रता हे माप अधिक उपयुक्त आहे. गाडी एकदा दाबून सोडली असता ती सेकंदाला किती आंदोलने करील, हे त्यातून समजते. एका पुढच्या चाकावर स्प्रिंगेने तोललेले वस्तुमान २३० किलोग्रॅम धरू. मिलिमीटरला २८ न्यूटन एवढ्या ताठरतेच्या स्प्रिंगेवर कंप्रता सुमारे १.२ हर्ट्‌झ येते. ही आरामशीर गाडीची चाल झाली. ५५ न्यूटनची स्प्रिंग घेतली तर ती सुमारे १.७ हर्ट्‌झ होते. जपानी संचांत आढळणारी मिलिमीटरला ८ किलोग्रॅमची, म्हणजे सुमारे ७८ न्यूटनची स्प्रिंग २ हर्ट्‌झच्या किंचित वर नेते. पहिली गाडी वळणावर सैल वाटेल, तिसरी शर्यतमार्गावर शोभेल. रस्त्यावरील वापरासाठी १.४ ते १.८ हर्ट्‌झ हा पट्टा समंजस म्हणावा लागेल.

समोर व मागे एकच कंप्रता ठेवणेही इष्ट नाही. मॉरिस ओली हे ब्रिटिश अभियंते १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅक व जनरल मोटर्ससाठी काम करीत असताना त्यांनी हा प्रश्न प्रयोगांनी अभ्यासला. उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना नंतर. एमएक्स-५ चे दोन आसांमधील अंतर २.२६५ मीटर आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने हा विलंब सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा होतो. मागची कंप्रता थोडी अधिक असेल तर उशिरा सुरू झालेले मागचे आंदोलन पुढच्याला गाठते व गाडी पुढेमागे झोके न घेता सपाट वर-खाली होते. खूप ताठर पुढची व त्या मानाने मऊ मागची स्प्रिंग असलेल्या संचात नेमके हेच बिघडते आणि मग प्रवाशाची मान सतत हलत राहते.

चालीचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. एमएक्स-५ ठेंगणी गाडी आहे व तिच्या सस्पेन्शनला मुळातच चाल थोडी आहे. म्हणून कारखान्याने शॉकच्या दांड्यावर फेसाळ पॉलियुरेथेनचे लांब बंप स्टॉप बसवले. ते केवळ अखेरचा अडसर नव्हेत. हळूहळू दबत जाऊन ते स्प्रिंगेला साहाय्य करतात. ती जणू दुसरी स्प्रिंगच आहे.

समजा, चाकाला स्थिर स्थितीपासून बंप स्टॉपपर्यंत ६० मिलिमीटर चाल आहे. (हा आकडा उदाहरणादाखल घेतला आहे.) या अंतरात स्प्रिंग जी जादा ऊर्जा झेलू शकते ती ताठरतेच्या समप्रमाणात आणि चालीच्या वर्गाच्या समप्रमाणात असते. गाडी ३० मिलिमीटरने खाली आणली की चाल निम्मी होते. तोच धक्का बंप स्टॉपला न लागता झेलायचा असेल तर स्प्रिंग चौपट ताठर हवी! बाजारातील गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा मूळच्यापेक्षा साधारण चतुर्थांशाने ताठर असतात. तेवढ्या वाढीने न्याय्य ठरणारी उंचीतील घट काढली तर ती जेमतेम ६ मिलिमीटर भरते. शॉकचा विरोध व टायरची लवचिकता या हिशेबात धरलेली नाही, पण निष्कर्षाची दिशा त्याने बदलत नाही.

चाल संपल्यावर काय होते, हे केवळ सुखसोयीपुरते मर्यादित नाही. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. त्यात खड्डा आला व बाहेरचे मागचे चाक बंप स्टॉपवर आदळले, तर तेथील ताठरता क्षणात कित्येक पटींनी वाढते. टायरवरील भार एकदम चढतो, लगेच उतरतो, आणि मागचे टोक पकड सोडते. एमएक्स-५ मागच्या चाकांनी चालणारी आहे आणि या पिढीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण नव्हते. ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरण्यास एवढे पुरते, आणि चालक मात्र स्वतःच्या कौशल्याला किंवा टायरला दोष देत राहतो. यावर उपाय म्हणून बंप स्टॉप कापून टाकणारेही आहेत. त्यामुळे शॉकचा दट्ट्या तळाशी आदळून शॉक फुटण्याची भीती असते. त्याऐवजी उंची फारशी न उतरवणे, किंवा दुसऱ्या पिढीच्या गाडीचे वरचे माउंट बसवून काही प्रमाणात चाल परत मिळवणे हे शहाणपणाचे मार्ग आहेत.

उघड्या टपाच्या गाडीत आणखी एक मर्यादा येते. छत नसल्याने सांगाडा थोडा पिळवटतो. स्प्रिंगा फार ताठर असतील तर सांगाडाच स्प्रिंगसारखा वागू लागतो व खडबडीत रस्त्यावर समोरची काच थरथरताना दिसते.

शॉक ॲब्सॉर्बर : स्प्रिंगेशी मेळ

स्प्रिंग ठरल्यानंतरच शॉक निवडावा, उलट नव्हे. आंदोलने विनाडोल थांबवण्यास लागणारे किमान अवमंदन, म्हणजे क्रांतिक अवमंदन, ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. स्प्रिंग दुप्पट ताठर केली तर तेवढाच परिणाम साधण्यासाठी शॉकचा विरोध सुमारे १.४ पट हवा. जुन्याच शॉकवर नव्या ताठर स्प्रिंगा चढवल्या तर गाडी आपटते आणि वर उसळतही राहते. ही चूक अत्यंत सामान्य आहे, कारण स्प्रिंगा स्वस्त असतात आणि शॉक महाग.

रस्त्यावरील वापरासाठी दोन प्रकार प्रामुख्याने विचारात घेतले जातात. एकनळी शॉकमध्ये तेलाखाली तरंगत्या दट्ट्याने वेगळा केलेला नायट्रोजन वायू मोठ्या दाबाखाली असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही व सततच्या खडबडीत रस्त्यावरही विरोध टिकतो. फ्रेंच अभियंता द कार्बों यांच्या संकल्पनेवरून बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने असे शॉक प्रचारात आणले. १९९४ पासून अमेरिकेत मिळणाऱ्या एमएक्स-५ च्या ‘आर पॅकेज’मध्ये माझदानेही बिल्स्टाइनचे शॉक व अधिक ताठर स्प्रिंगा दिल्या होत्या, म्हणजे हा मार्ग कारखान्यानेच चोखाळलेला आहे. दुसरा पर्याय नेदरलँड्‌समधील कोनी कंपनीच्या ‘स्पोर्ट’ शॉकचा. त्यात शॉक लांबतानाचा विरोध वरच्या बोंडाने कमी-अधिक करता येतो. दबतानाचा कायम राहतो. स्प्रिंगेशी मेळ घालण्यासाठी ही सोय उपयोगी आहे, पण तिचा गैरवापरही सहज होतो. विरोध फार वाढवला तर एका खड्ड्यानंतर चाक खाली येण्याआधीच दुसरा येतो, गाडी टप्प्याटप्प्याने खाली बसत जाते आणि अखेर बंप स्टॉपवर टेकते. कमीत कमी विरोधापासून सुरुवात करून डोलणे थांबेपर्यंतच बोंड फिरवावे.

कामाचा क्रम

तीस वर्षांच्या गाडीत शॉक हा पहिला संशयित असेलच असे नाही. रबराचे बुश कडक होऊन फाटलेले असतात, बॉल जॉइंट सैलावलेले असतात, टायरचे रबर वयाने निबर झालेले असते. ते तसेच ठेवून केलेल्या महागड्या बदलाची योग्य परीक्षा होऊच शकत नाही. चाकांची भूमिती जुळवणारे विकेंद्री बोल्ट बुशमध्ये गंजून अडकण्याची खोड या गाडीला आहे. नवे भाग मागवण्यापूर्वी ते फिरतात की नाही हे पाहावे. बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना आवळू नयेत. रबर आतील व बाहेरील नळीला चिकटलेले असल्याने ते त्या स्थितीत पिळून राहते, गाडी खाली ठेवल्यावर चाकाला विनाकारण विरोध करते आणि लवकर फाटते. चाकांवर वजन आल्यानंतरच शेवटचे आवळणे करावे. उंची बदलली असेल तर हे सर्व बोल्ट सैल करून पुन्हा आवळणे भाग आहे.

मडगार्डवर हाताने दाब देऊन शॉक तपासण्याची पद्धत केवळ अगदी निकामी शॉक ओळखण्यापुरती ग्राह्य आहे. हाताने मिळणारा वेग रस्त्यावरील धक्क्याच्या वेगाच्या मानाने नगण्य असतो. चाल तपासण्यासाठी मात्र एक सोपी युक्ती आहे. शॉकच्या दांड्यावर प्लास्टिकचा एक बारीक पट्टा घट्ट बांधून तो खाली नळीला टेकवावा, नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने काही किलोमीटर गाडी चालवावी आणि मग पट्टा कुठवर सरकला ते पाहावे. एखाद्या मोठ्या खड्ड्यात तो बंप स्टॉपपर्यंत गेला तर ते अपेक्षितच आहे. पण साध्या रस्त्यावरून परतल्यावरही तो बंप स्टॉपमध्ये रुतलेला आढळला, तर शॉकचे बोंड फिरवत बसण्यापूर्वी गाडीची उंची वाढवावी.