अनुदान सातबाऱ्याला की कसणाऱ्याला?

२०२३च्या खरिपात कापसाला भाव मिळाला नाही, म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरपर्यंत हेक्टरी ५,००० रुपये दिले. जळगाव-धुळ्यात खरीप म्हणजे मुख्यतः कपाशी, त्यामुळे ही मदत खान्देशात घरोघरी चर्चेचा विषय झाली. एकरी हिशेब केला तर हातात पडले २,००० रुपये. त्या हंगामात बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ८५३ रुपये होती. एकराला दोन पाकिटं धरली तर अनुदानातून बियाणं कसंबसं सुटतं. खत, फवारणी, वेचणी शेतकऱ्याच्याच खिशातून. रक्कम तोकडी आहे हे सगळेच बोलतात आणि ते खरंच आहे. पण माझ्या मते त्याहून गंभीर प्रश्न आहे तो ती कोणाच्या खात्यात जमा झाली हा.

ही मदत खातेदाराला मिळाली. ई-पीक पाहणीत किंवा सातबाऱ्यावर कपाशीची नोंद हवी होती, आधार आणि संमतिपत्र हवं होतं, सामाईक खातं असेल तर इतरांची ना-हरकत हवी होती. बटाईने किंवा खंडाने शेत करणाऱ्याचं नाव या साखळीत कुठेच येत नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० हेही जमिनीच्या नोंदीवरच मिळतात. खरेदी करताना पाकिटाचे पैसे कोणी मोजले, बोंडअळीने कोणाचं नुकसान झालं, हे कोणी विचारत नाही. पीक विम्यात कसणाऱ्याला जागा आहे, मात्र त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. इथले बहुतेक व्यवहार तोंडीच होतात. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी हजारो कुळांना जमिनीचा मालक केलं. पण त्याच कायद्याच्या धास्तीने आजचा जमीनमालक कागदावर काही लिहून द्यायला तयार होत नाही.

ही धास्ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दोन एकरांचा मालक पोटापाण्यासाठी सुरतेला गेला असेल, तर त्यालाही जमीन गमावण्याची भीती असते. म्हणूनच नोंद कुळाची न करता फक्त त्या हंगामातल्या लागवडीची करावी, आणि तिने कोणताही मालकी वा कूळ हक्क निर्माण होत नाही हे कायद्यातच लिहावं. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये असा कायदा करून कसणाऱ्यांना अकरा महिन्यांची कार्डं दिली. ओडिशाच्या कालिया योजनेतही वाटेकऱ्यांना धरलं गेलं. बोगस कसणारे घुसतील, ही शंका रास्त आहे. पण ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायची पद्धत आपल्याकडे २०२१ पासून आहे. त्यात खातेदाराच्या संमतीने कसणाऱ्याच्या नावाचा एक रकाना वाढवावा लागेल. तरीही मालक त्या संमतीच्या बदल्यात अनुदानातला वाटा मागेल, आणि काही ठिकाणी तो द्यावाही लागेल. आज कसणाऱ्याकडे मागण्यासारखं काहीच नाही. नोंद झाली तर निदान वाटा किती, यावर त्याला बोलता येईल.