ट्रॅक्टरची गळकी तेलनळी

ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या जॅकपर्यंत जाणारी रबरी तेलनळी, म्हणजेच होज पाइप, ही दिसावयास सामान्य वस्तू आहे. ऊन, चिखल व सततचे घर्षण यांमुळे काही वर्षांत तिचे रबर कडक होते, त्यास भेगा पडतात, आतील पोलादी तारजाळीस गंज चढतो आणि तेल पाझरू लागते. पुष्कळ शेतकरी अशा जागी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून हंगाम पार पाडतात. ही काटकसर नव्हे.

अनेक ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल व हायड्रॉलिक उचल या तिन्हींना एकच तेल पुरते. दर सेकंदास एक थेंब गळाला तरी दहा तासांत सुमारे दीड लिटर तेल जाते. तेल कमी पडल्यास पंप हवा ओढू लागतो, उचल अडखळते आणि पुढे गिअरही झिजतात. नळीचा खर्च टाळण्याच्या नादात गिअर बॉक्सचा खर्च अंगावर येतो.

गळती शोधताना

गळती हाताने चाचपून कधीही शोधू नये. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम असतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब १५० ते २०० किलोग्रॅमपर्यंत चढतो. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम बारीक दिसते व आरंभी फारशी दुखतही नाही. परंतु उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशी इजा झाल्यास विलंब न लावता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि तेल दाबाने आत शिरले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. शोध घेताना डोळ्यांवर चष्मा लावून जाड पुठ्ठ्याचा तुकडा लांबून नळीजवळ धरावा. जेथे पुठ्ठा भिजेल, तेथे गळती समजावी.

नळी बदलण्याची रीत

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा. ट्रॉली पूर्ण खाली घ्यावी. उचललेल्या ट्रॉलीखाली केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही जाऊ नये.

२. इंजिन बंद करून हायड्रॉलिकची दांडी दोन्ही बाजूंस हलवावी, म्हणजे नळीतील दाब उतरेल. तेल थंड होऊ द्यावे.

३. जोडाभोवतीची माती पुसून खाली भांडे ठेवावे. एका पान्याने जोड धरून दुसऱ्याने नट सोडवावा. उघडी तोंडे स्वच्छ फडक्याने झाकावीत. धुळीचा कणही पंपास घातक असतो.

४. जुनी नळी दुकानात सोबत न्यावी. आतील व्यास, लांबी, आटे आणि नळीवर छापलेला दाब हे सर्व जुळले पाहिजे. पाण्याची किंवा डिझेलची नळी येथे चालत नाही.

५. नवी नळी पिळून बसवू नये. तिच्यावरील छापील रेघ सरळ राहिल्यास पीळ नाही असे समजावे. चाकास किंवा धारदार कडेस ती घासणार नाही, अशा बेताने बांधावी.

६. निर्मात्याने सांगितलेले तेल योग्य खुणेपर्यंत भरावे. इंजिन मंद चालवून ट्रॉली चार-पाच वेळा रिकामीच वर-खाली करावी, म्हणजे आतील हवा निघून जाईल. उचल खाली असताना तेल पुन्हा मोजावे आणि जोड पुठ्ठ्याने तपासावेत.

सांडलेले तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये; डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

ऊस वाहतुकीचा किंवा मळणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच गावातील ट्रॅक्टरांच्या नळ्या तपासून घेण्याविषयी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा. हातांची सुरक्षितता आणि यंत्राचे आयुष्य या दोन्ही गोष्टी त्या अर्ध्या दिवसाच्या कामाने साधतात.