सनईच्या तोंडाशी लटकलेल्या त्या काड्या कशासाठी असतात?

जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीराम रथोत्सव असतो. १८७२ पासून चालत आलेल्या या उत्सवात रथाच्या पुढे सनई, नगारा, चौघडा वाजतो आणि हल्ली त्याचे रील्स दिवसभर फिरत असतात. पुढच्या वेळी असा एखादा व्हिडिओ समोर आला, तर जरा थांबवून सनईवादकाच्या हाताकडे बघा. बऱ्याच सनयांच्या वरच्या टोकाला दोऱ्याने बांधलेल्या दोन-चार बारीक काड्या लोंबताना दिसतील. सोबत एखादी सुईही असेल.

पाहणाऱ्याला वाटतं, सजावट असेल. पण सनईचा आवाज येतो तोच मुळी अशा एका काडीतून. एक काडी वादकाच्या ओठात असते आणि लटकणाऱ्या काड्या राखीव असतात. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ओठातली काडी फुटली, तर दुसरी लावायला पाच-दहा सेकंदच मिळतात.

या काडीला पत्ती म्हणतात. बँडवाले सरळ 'रीड' म्हणतात. ती हाताने बनवावी लागते, काही आठवड्यांत खराब होते आणि पुन्हा नव्याने बनवावी लागते. लाकडाची सनई आजोबांकडून नातवाकडे जाऊ शकते, पत्ती जाऊ शकत नाही. म्हणून सनई टिकवायची असेल, तर वाद्य जपून ठेवणं पुरत नाही. पत्ती बनवता येणारी माणसं टिकावी लागतात.

एवढ्याशा काडीतून आवाज कसा येतो?

पत्ती काढून नुसत्या सनईत फुंकलं, तर फुस्स असा वारा जातो. सूर लागत नाही.

पत्ती म्हणजे गवताची पोकळ काडी. तिचं एक टोक चपटं केलेलं असतं, त्यामुळे तिथे दोन पातळ ओठ तयार होतात आणि त्यांच्यात बारीकशी फट राहते. वादक फुंकतो तेव्हा हवा या फटीतून जोरात जाते आणि ओठ एकमेकांकडे खेचले जातात. गवताला लवचिकपणा असतो, म्हणून ते लगेच पुन्हा उघडतात. ही उघडझाप इतकी वेगात होते की आपल्याला ती सूर म्हणून ऐकू येते. ४४० हर्ट्झचा सूर लागला, म्हणजे ती पत्ती सेकंदाला ४४० वेळा उघडली आणि मिटली.

मग सनईची नळी काय करते? उघडझाप किती वेगाने व्हावी, हे मुख्यतः ती ठरवते. भोकं बंद-उघड केली की आतल्या हवेच्या खांबाची लांबी बदलते आणि सूर बदलतो. दोन सुरांमधली मींड मात्र वादक बोटांसोबत ओठांनीही काढतो, पत्तीवरचा दाब कमी-जास्त करून. सनई 'रडते' असं आपण म्हणतो, ती करामत तिथे घडते.

मग तुतारी आणि पिपाणी यांचं काय?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत यावरून बराच गोंधळ झाला होता. एका पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होतं, तर काही अपक्षांना 'ट्रम्पेट' मिळालं होतं आणि त्याचंही मराठी नाव तुतारी असं दिलं होतं. खानदेशच्या शेजारच्या दिंडोरीत त्या चिन्हावर लढलेल्या अपक्षाला १ लाखाहून जास्त मतं पडली. लोकांनी त्या ट्रम्पेटचं नाव ठेवलं 'पिपाणी'.

वाद्यांच्या हिशेबाने बघितलं, तर ते नाव चुकलंच. तुतारी आणि ट्रम्पेट या दोन्हींमध्ये पत्ती नसते. तिथे वाजवणाऱ्याचे स्वतःचे ओठ थरथरतात आणि धातूची नळी तो आवाज मोठा करते. पिपाणी मात्र पत्तीवर वाजते. जत्रेतली कागदी-प्लास्टिकची पिपाणी उघडून पाहा, आत थरथरणारी चिमुकली जीभ सापडेल. म्हणजे पिपाणी ही सनईच्या घरातली आणि तुतारी दुसऱ्या घराण्यातली.

पत्ती बनते कशी?

दहावीच्या हिंदीच्या एनसीईआरटी पुस्तकात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्यावर एक धडा आहे. खाँसाहेबांचा जन्म बिहारमधल्या डुमरावचा. त्या धड्यात सांगितलंय की शहनाईची पत्ती नरकट नावाच्या गवतापासून बनते आणि ते गवत डुमरावजवळ सोन नदीच्या काठी मिळतं. जे सूर १९४७ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी दिल्लीने ऐकले, त्यांची सुरुवात अशा नदीकाठच्या गवतापासून होते.

आपल्याकडे नदी-ओढ्याच्या काठी दिसणारा नळ किंवा बोरू याच प्रकारातला. बोरूचं टोक चाकूने छाटून पूर्वी लेखणी करत. अक्षर जाड येणार की बारीक, हे त्या छाटण्यावर ठरायचं. पत्तीचंही तसंच असतं, फक्त इथे छाटल्यावर सूर बदलतो.

प्रत्येक वादकाची पद्धत थोडी वेगळी असते, पण टप्पे साधारण असे:

१. गवताची पक्की झालेली काडी निवडायची. कोवळी काडी लवकर मऊ पडते, फार जून झालेली थरथरत नाही.

२. ती नीट वाळवायची. घाईत वाळवली तर चिरते.

३. छोटे तुकडे करून भिजवायचे किंवा उकळायचे, म्हणजे गवत नरम होतं.

४. एक टोक हळूहळू दाबून चपटं करायचं आणि बांधून त्याच आकारात वाळू द्यायचं.

५. दुसऱ्या टोकात धातूची बारीक नळी बसवून दोरा घट्ट गुंडाळायचा. इथून हवा गळली तर पत्ती वाया गेली.

६. शेवटी चपटं टोक पात्याने छाटायचं, तासायचं. थोडं तासायचं, वाजवून बघायचं, पुन्हा थोडं तासायचं.

सगळी परीक्षा सहाव्या टप्प्यात असते. टोक जाड राहिलं तर फुंकून दम लागतो आणि सूर बसका येतो. जास्त तासलं तर आवाज चिरका होतो. तासलेलं गवत परत चिकटवता येत नाही. फट मिटली असेल तर त्या लटकणाऱ्या सुईने ती उघडायची, जास्त उघडी असेल तर बोटांनी दाबायची.

आणि हे सगळं ज्याच्या तोंडात ती जाणार, त्याच्या ओठांना आणि दमाला जुळावं लागतं. तयार पत्त्या विकत मिळतात, ऑनलाइनही मिळतात. पण त्या आपल्या तोंडाला बसवून घेण्याचं काम वादकालाच करावं लागतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

अजिबात नाही. पाश्चात्य ऑर्केस्ट्रात बॅसून नावाचं उंच, खर्जात बोलणारं लाकडी वाद्य असतं. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला गेलात, तर ते दिसेल. बॅसूनही सनईसारखंच दुहेरी पत्तीवर वाजतं.

त्याची पत्ती 'अरुंडो डोनॅक्स' नावाच्या नळापासून बनते. दक्षिण फ्रान्समधला वार हा प्रदेश त्यासाठी नावाजलेला आहे. साधारण अडीच सेंटिमीटर जाडीचा नळ उभा चिरतात, आतून कोरून पातळ करतात, आकार देऊन मधोमध दुमडतात, तारेचे वेढे आणि दोरा बांधतात. मग दुमडलेलं टोक कापलं की दोन ओठ मोकळे होतात. पुढचं काम तेच, तासायचं आणि वाजवून बघायचं. बॅसून शिकणाऱ्या मुलांना संगीत विद्यालयात पत्ती बनवायलाही शिकवतात, कारण जगातले कित्येक व्यावसायिक वादक आपली पत्ती आपणच करतात.

फरक काय, तर तिथे हे अभ्यासक्रमात आहे. आपल्याकडे ते बापाने मुलाला शेजारी बसवून दाखवायचं काम आहे.

खानदेशातली दुसरी पत्ती: पावरी

धुळे जिल्ह्यातलं साक्री, नंदुरबारमधलं नवापूर या पश्चिम पट्ट्यात कोकणा, भिल्ल, मावची समाजाची वस्ती आहे. इथे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो आणि त्यात पावरी वाजते. पालघरकडे ज्याला तारपा म्हणतात, त्याची ही जवळची बहीण. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे कर्ण्यासारखं तोंड.

पावरीची पत्ती वेगळी असते. ती एकेरी आहे. बांबूसारख्या बारीक नळीवर चाकूने चीर देऊन त्याच नळीतून एक जीभ सोडवतात. ती एका टोकाला चिकटलेलीच राहते आणि दुसरं टोक थरथरतं. ही नळी भोपळ्याच्या आत बसवून सांधे मेणाने बुजवतात.

पत्ती भोपळ्यात असल्यामुळे वादकाचे ओठ तिला लागतच नाहीत. म्हणून सनईसारखा ओठांनी सूर सावरण्याची सोय इथे नाही. सूर जो काय लावायचा, तो बनवतानाच लावावा लागतो. जीभ थोडी लांब झाली की सूर उतरतो, तासून पातळ केली तरी बदलतो. जिभेच्या टोकावर मेणाचा कण ठेवला तरी सूर खाली येतो. दोन नळ्यांच्या दोन जिभा एकमेकींशी जुळवणं हे कानाचं काम आहे, आणि तिथे ट्यूनर ॲप नसतो.

बँडवाल्यांची मात्र सोय आहे

खानदेशात लग्नाची वरात असो की श्रावणातली कानबाईची मिरवणूक, बँड हवाच. त्यातल्या क्लॅरिनेटलाही एकेरी पत्ती असते, पण ती दुकानात मिळते. १९०५ मध्ये पॅरिसच्या एका क्लॅरिनेटवादकाने सुरू केलेली व्हॅनडोरेन ही कंपनी आजही पत्त्या विकते. दोन, अडीच, तीन असे नंबर असतात. नंबर वाढला की पत्ती कडक. कॅनडातल्या लेजेरसारख्या कंपन्या तर सिंथेटिक पत्त्याही बनवतात, अगदी बॅसूनसाठीसुद्धा.

सिंथेटिक पत्तीचा एक मोठा फायदा खानदेशात पटकन कळेल. आपली लगीनसराई एप्रिल-मे महिन्यातली, आणि तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गवताची पत्ती ओली असेपर्यंतच नीट वाजते. कोरड्या हवेत ती आकसते, वाकडी होते, फुटते. म्हणून सनईवाला मध्येमध्ये पत्ती तोंडात धरून ओली करताना दिसतो. प्लास्टिकला ऊन-पाण्याचा एवढा फरक पडत नाही.

मग अडचण काय आहे?

आवाज तर केव्हाच कॉपी झालाय. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसाठी १९९१ मध्ये 'जनरल मिडी' नावाचं एक जागतिक प्रमाण ठरलं. त्यात १२८ वाद्यांची यादी आहे आणि ११२ व्या क्रमांकावर आहे 'शनाई', म्हणजे आपली शहनाई. ते प्रमाण पाळणाऱ्या जगातल्या कुठल्याही कीबोर्डवर हा आवाज सापडतो. डीजेच्या गाड्यावर एक माणूस आणि एक कीबोर्ड आला की सनई, सूर धरणारा साथीदार आणि संबळ, तिघांचंही काम निघून जातं.

सुपारी कमी झाली की वादक कमी होतात. आणि पत्ती बनवणारा बऱ्याचदा वादक स्वतःच असल्यामुळे तो गेला की दोन्ही कामं जातात.

यात आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात देवळातलं वादन बहुतेक गुरवांकडे आणि लग्नातली वाजंत्री मातंग, होलार अशा समाजांकडे राहिली. हे काम जातीवर लादलेलं होतं. मांडवाच्या दारात बसून वाजवायचं, मान कमी आणि पैसे त्याहून कमी. अशा घरातल्या मुलाने हे सोडून शिक्षण घेतलं, नोकरी धरली, तर 'परंपरा बुडाली' म्हणून त्याला बोल लावणं बरोबर नाही. गवत ओळखणं, वाळवणं, कानाने सूर जुळवणं हे ज्ञान आहे, हे समाजानेच मान्य केलं नाही. त्याला ना मजुरी मिळाली, ना प्रमाणपत्र.

दुसरा रस्ता आहे का? तमिळनाडूकडे बघता येईल. तिथल्या नरसिंगमपेट्टई गावात बनणाऱ्या नागस्वरमला २०२२ मध्ये जीआय टॅग मिळाला. नागस्वरमच्या पत्तीला तिथे 'सीवाळी' म्हणतात आणि तिरुवावडुतुरैमध्ये ती बनवणारे वेगळे कारागीर आहेत. तिथे पत्तीला स्वतःचं नाव आहे, गाव आहे, बाजार आहे. टॅग मिळाला म्हणून सगळे प्रश्न सुटले असं नाही, पण निदान हे काम कोण करतं ते कागदावर आलं.

आपण काय करू शकतो?

खानदेशात निदान नोंद करण्यापासून सुरुवात होऊ शकते. पत्ती कापताना शूट केलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ, त्यात कोणतं गवत, ते कुठून आणलं, कधी कापलं, किती दिवस वाळवलं, एवढी माहिती असली तरी पुढच्या माणसाला ती उपयोगी पडेल. शाळा-कॉलेजचा प्रकल्प म्हणूनही हे जमण्यासारखं आहे. पावरी बनवणाऱ्यांकडे जाणार असाल, तर आधी विचारून जा. ते देवाचं वाद्य आहे, सगळंच कॅमेऱ्यासमोर उघडायला ते तयार असतील असं नाही.

आणि लग्नात सनईवाले बोलावलेत, तर दोन साध्या गोष्टी करा. बसायला सावली द्या आणि जवळ पाण्याचा तांब्या ठेवा. पाणी त्यांना लागतंच, त्यांच्या पत्तीलाही लागतं. व्हिडिओ टाकलात तर कॅप्शनमध्ये त्यांचं नाव लिहा, त्यांना विचारून. पुढची सुपारी त्या नावामुळेच मिळते.