पहिल्या क्रमांकाची जबाबदारी

कोणत्याही कचेरीची पारख करावयाची असेल, तर सकाळी कुलूप उघडल्यापासून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंतचा पहिला अर्धा तास पाहावा. संगणकाचेही असेच आहे. बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत आत काय घडते, हे सहसा आपल्या दृष्टीआड राहते. परंतु ज्या लिनक्स प्रणालीवर आज जगातील असंख्य संगणक चालतात, तिच्या जाणकारांत याच थोड्या क्षणांवरून मोठा वाद झाला. तो वाद समजून घेण्याजोगा आहे.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. संगणक सुरू होताच कर्नल स्मृतीत येतो, यंत्राचे भाग ओळखतो आणि मग एकच कार्यक्रम सुरू करतो. त्याचा क्रमांक एक. पुढची सर्व कामे याच पहिल्याने सुरू करावयाची. तो कोसळला, तर कर्नल सारे यंत्रच थांबवितो.

पूर्वी हा पहिला कार्यक्रम साधा असे. ठरलेल्या क्रमाने तो एकेक सेवा सुरू करी आणि एक अडली की मागच्या साऱ्या खोळंबत. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी नावाची नवी व्यवस्था पुढे आणली. तिची मुख्य युक्ती कचेरीच्या दाखल्यानेच सांगता येईल. कारकून जागेवर येण्याची वाट न पाहता आवक-जावकची खिडकी आधीच उघडावी. आलेले टपाल तेथे साठेल आणि कारकून आल्यावर त्याचा निकाल लागेल. सिस्टिमडी सेवांचे संपर्कमार्ग असेच आधी उघडून ठेवते. त्यामुळे अनेक सेवा एकाच वेळी सुरू होऊ शकतात. अॅपलच्या संगणकांत अशी सोय २००५ पासून होती.

दुसरी सुधारणा जबाबदारीची. एखादी सेवा अनेक उपकार्यक्रम सुरू करते. जनक कार्यक्रम संपला की ते पोरके होत आणि कोण कोणाचा हे कळेनासे होई. सिस्टिमडी प्रत्येक सेवेच्या साऱ्या परिवाराची कर्नलच्याच साहाय्याने एकत्र नोंद ठेवते. सेवा बंद करावयाची झाली की तिचा मागमूसही उरत नाही.

तथापि मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१८ च्या अखेरीस आलेली सोय. दूरच्या गावी, कुलूपबंद खोलीत असलेल्या संगणकावर नवा कर्नल बसविला आणि तो सुरूच झाला नाही, तर काय करावे? या सोयीत नव्या कर्नलला मोजक्या संधी मिळतात, समजा, तीन. प्रत्येक प्रयत्नापूर्वी शिल्लक संख्या एकाने कमी होते. यंत्र नीट सुरू झाले, तर ही मोजणी काढून टाकली जाते. संख्या शून्यावर आली, तर जुन्या, विश्वासू कर्नलला पुन्हा पाचारण होते. अर्थात त्यासाठी जुना कर्नल जपून ठेवलेला हवा आणि यंत्र मध्येच गोठले तर ते पुन्हा चालू करणारी राखणयंत्रणाही हवी.

२०२३ मध्ये आणखी एक भर पडली. कर्नल चालूच ठेवून वरच्या सर्व सेवा नव्याने उभ्या करता येऊ लागल्या. यंत्रभागांच्या तपासणीत जाणारा वेळ त्यामुळे वाचतो. मात्र कर्नलच बदलावयाचा असेल, तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

मग विरोध कशासाठी? एका कार्यक्रमाने एकच काम चोख करावे, ही युनिक्सची जुनी शिकवण. सिस्टिमडीच्या छत्राखाली मात्र सेवा, नोंदवह्या, वेळापत्रके, असे पुष्कळ काही गोळा झाले. पूर्वी कोणत्याही साधनाने वाचता येणारी नोंदवही आता खास आज्ञेवाचून उघडत नाही, ही तक्रारही निराधार नव्हती. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियन या संस्थेच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. न पटलेल्यांनी त्याच वर्षी देवुआन ही वेगळी शाखा काढली.

हा वाद केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. अधिकार एका हाती आला की कामाला गती येते, हे खरे. पण त्या हाताकडून चूक झाली, तर तिची व्याप्तीही वाढते. म्हणून पहिल्या क्रमांकाकडे वेगाहूनही अधिक दोन गुण हवेत : कोणाचे काम कोणाकडे याचा चोख हिशेब आणि नवा मार्ग खुंटला असता जुन्या वाटेने परतण्याची तयारी. लिनक्सची सारी घडण सर्वांना वाचावयास खुली आहे. तेव्हा या दोन गुणांची परीक्षा कोणालाही घेता येते आणि ती सतत घेतली जाणे, हेच या व्यवस्थेचे खरे संरक्षण होय.