पऱ्हाटी, पाव आणि यीस्टची जनुके

कापसाची वेचणी संपली की अमरावती-अकोल्याकडच्या शेतांत उभी राहते ती पऱ्हाटी. आपल्या कित्येक माय-बहिणी ती उपटून, मोळी बांधून डोक्यावर घरी आणतात आणि तिच्यावर चूल पेटते. या पऱ्हाटीत साखर दडलेली आहे आणि तिच्यापासून इथेनॉल, म्हणजे गाडीचे इंधन, करता येते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

हे काम यीस्ट करते. बेकरीतला पाव ज्याने फुगतो तेच हे यीस्ट. एका पेशीचा हा जीव साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल तयार करतो. पण पऱ्हाटीतील साखर मोकळी करताना फरफ्युरल, ॲसेटिक आम्ल अशी द्रव्येही तयार होतात आणि त्यांच्यामुळे यीस्टचे काम मंदावते. काही वाण तरीही तग धरतात. ते कोणत्या जनुकाच्या बळावर?

यीस्टच्या सुमारे ६००० जनुकांची मांडणी १९९६ साली पूर्ण वाचली गेली. पण नाव कळले म्हणजे काम कळले, असे नव्हे. आम्हा कारकुनांचेच पाहा. कोणाच्या टेबलावर नेमके काय चालते, हे तो रजेवर गेला की समजते! शास्त्रज्ञही एखादे जनुक बंद पाडतात आणि पेशीचे काय अडते ते पाहतात.

अडचण अशी की कारखान्यातल्या यीस्टमध्ये एकाच जनुकाच्या दोन, तीन, कधी चार प्रती असतात. एक बंद केली तरी दुसरी काम उरकते. एकाच कामावर चौघे असतील तर एकाच्या रजेने काय कळणार? येथे क्रिस्पर नावाची जनुकीय कात्री उपयोगी पडते. तिच्यासोबतचा मार्गदर्शक आरएनए नेमकी जागा दाखवतो आणि सर्व प्रती एकदमच कापता येतात. या कात्रीचे तंत्र २०१२ साली पुढे आले. त्याबद्दल शार्पेंतिए व डाउडना या दोन महिला शास्त्रज्ञांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

एवढ्याने निकाल लागत नाही. बदललेले आणि मूळ यीस्ट एकाच परिस्थितीत वाढवून ताडून पाहावे लागते. काढलेले जनुक परत घातल्यावर गेलेला गुण परत आला, तरच खात्री पटते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे यीस्टचे अनेक वाण जपून ठेवले आहेत. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ही संस्था एकदा जरूर पाहावी.

वाचकहो, उद्या पऱ्हाटीला कारखान्यात भाव आला, तर मोळी वाहणाऱ्या मायच्या चुलीचे काय? तिच्या हाती पैसा येणार की सरपणही जाणार? हा प्रश्न कात्रीने सुटणार नाही. तो विचारायला त्या प्रयोगशाळेत आपल्या घरची एखादी लेक असली पाहिजे.